तारेच्या वाटेने : जेऊर आणि भीमेचे खोरे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने पुण्याहून आग्नेयेस काढलेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस भीमाकाठच्या डिकसळपर्यंत येऊन थांबला, आणि पुढल्याच वर्षी, १८५९ च्या ऑक्टोबरात, तो नदी ओलांडून बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेला. तेव्हा कमलाभवानीचे करमाळे हे तालुक्याचे ठिकाण काही कोस बाजूला राहिले आणि त्याच तालुक्यातील जेऊरचे शिवार मात्र थेट मुंबईच्या वाटेवर आले. वाट थेट होती, पण ती अजून अखंड नव्हती. बोरघाटातील चढ १८६३ मध्ये खुला होईपर्यंत खंडाळ्यापासून खाली खोपोलीपर्यंतचा टप्पा उतारूंना पालखीतून किंवा पायी उतरावा लागे. जून १८६० मध्ये गाडी सोलापुरास पोहोचली. ज्या कारणासाठी हा मार्ग झाला ते कारण कापसाचे, धान्याचे आणि लष्कराच्या हालचालीचे होते. जेऊरच्या कुणब्याच्या सोयीचा विचार त्या आखणीत कोणी केला होता, असे मानण्यास काहीही आधार नाही. पण लोहमार्गाबरोबर रुळांच्या कडेने खांब आले, खांबांवर तार आली, आणि त्या तारेबरोबर या खोऱ्यातील दूरसंचाराचा इतिहास सुरू झाला. आज जेऊरच्या माणसाच्या खिशातील मोबाईल ज्या रीतीने जगाशी जोडला जातो, ती रीत समजून घ्यायची तर आरंभ या खांबांपासूनच करावा लागतो, कारण पुढे आलेले प्रत्येक साधन बहुधा याच वाटेने आले.

हिंदुस्थानात तारायंत्राची उभारणी विल्यम ओशॉनेसी या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर एवढ्याच पल्ल्यावर सुरू झालेली तार १८५४ पर्यंत आग्र्यामार्गे मुंबईस येऊन मिळाली. सरकारी तारखाते आणि रेल्वेची स्वतःची तार अशा दोन व्यवस्था त्यानंतर शेजारी शेजारी नांदल्या. रेल्वेस तार हवी होती ती मुख्यतः गाड्यांच्या बंदोबस्तासाठी. परंतु जेथे सरकारी तारघर नव्हते अशा लहान गावांत रेल्वेचे तारघरच रयतेच्याही तारा घेई, आणि १८८५ च्या तारविषयक कायद्याने तारेवरील मूळ हक्क सरकारचा ठरवून इतरांनी तो परवान्यानेच वापरावा, असा जो दंडक घातला तो पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला. त्या काळी खेड्यात तार आली की घरात आधी रडे उठे आणि मग ती वाचून घेण्यासाठी मास्तरांकडे धाव घेतली जाई, असे आपल्या आज्या सांगत. तार ही आनंदवार्ता आणण्यासाठी नव्हेच, अशी लोकांची पक्की समजूत होती.

या लोहमार्गाच्या जुन्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की तिच्यापाशी थोडे थांबणे मला अगत्याचे वाटते. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्थानकांमध्ये तारेने जोडलेली अशी यंत्रे बसवीत की, पलीकडच्या स्टेशनमास्तरने विद्युत्संकेताने संमती दिल्यावाचून अलीकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडतच नसे. एक गोळा बाहेर असताना त्या टप्प्यासाठी दुसरा निघणे शक्य नसे. हा गोळा कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्यास अडकवून, पॉइंट्समन ते कडे धावत्या गाडीच्या ड्रायव्हरसमोर उंच धरी. ड्रायव्हर मागच्या टप्प्याचे कडे फलाटावर फेकी आणि पुढचे कडे बाहूत अडकवून घेई. गोळा हातात असणे म्हणजे पुढचा मार्ग आपला असणे. ओळख, संमती आणि हद्दीचे हस्तांतर या तिन्ही गोष्टी ज्या एका कृतीत सामावल्या होत्या, त्याच तीन गोष्टींवर मोबाईलचे सारे शास्त्र उभे आहे.

परंतु त्याआधी याच लोहमार्गावरील दौंडची कथा सांगितली पाहिजे. मराठी वाचकांस ती जवळजवळ अज्ञात आहे आणि मला त्याचे फार वैषम्य वाटते. विलायतेस तार पाठवायची तर १८७० पासून मुंबईहून एडन व सुएझमार्गे गेलेल्या समुद्रातील केबलवरून ती जाई, आणि केबल कंपन्यांचे दर सामान्य व्यापाऱ्यासही झेपणारे नसत. पहिल्या महायुद्धानंतर मार्कोनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी असे दाखवून दिले की, लघुलहरी अनेक तारांच्या जाळीतून एकाच दिशेने झोतासारख्या सोडल्या, तर थोड्या शक्तीतही संदेश हजारो मैल जातो. या ‘बीम’ पद्धतीचा इंग्लंडशी जोडणारा दुवा २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाला; त्याचे प्रक्षेपणकेंद्र पुण्याजवळ खडकीस होते आणि ग्रहणकेंद्र दौंडास. प्रक्षेपण आणि ग्रहण एकमेकांपासून दूर ठेवण्याचे कारण उघड आहे : जवळच्या प्रचंड प्रक्षेपणाच्या गोंगाटात दूरदेशाहून आलेली क्षीण लहर बुडून गेली असती.

जेऊरहून त्याच रुळांवरून काही स्थानके पश्चिमेस गेले की दौंड येते. तेव्हा ज्या माळरानावर ज्वारीवाचून दुसरे पीक ठाऊक नव्हते, तेथे इंग्लंडहून निघालेली लहर उतरत होती आणि उतरल्यावर पुढचा मुंबईपर्यंतचा प्रवास जमिनीवरील तारेनेच करीत होती. बीमचे दर कमी असल्याने केबल कंपन्यांचा धंदा इतका बसला की १९२८ मध्ये लंडनला साम्राज्याची खास परिषद भरवून केबल आणि बिनतारी यांचे हितसंबंध एकत्र करावे लागले. हिंदुस्थानातील कंपनी पुढे इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स झाली, १९३३ मध्ये मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये बिनतारी दूरध्वनीही सुरू झाला, आणि १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ही सारी व्यवस्था ताब्यात घेऊन तिचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते केले. या सर्व घडामोडींत भीमेच्या खोऱ्यातील एकाही खेड्याला एकही दूरध्वनी मिळाला नाही. लंडनचा आवाज दौंडच्या माळावर येत होता, पण दौंडच्या पलीकडे चार कोसांवरच्या वस्तीस पुण्याचा आवाज ऐकण्याची सोय नव्हती. परसत्तेच्या अंमलात साधने कोणासाठी असतात, याचा याहून स्पष्ट दाखला शोधण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशकेही या बाबतीत फार निराळी गेली नाहीत. तालुक्याच्या गावी हाताने जोडणी करणारे एक्स्चेंज, ट्रंककॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणे, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढते दर, आणि नंबर लागलाच तर घशाच्या शिरा ताणून बोलणे, हे चित्र सर्वत्र होते. मधल्या काळात या भागाचा भूगोलच बदलला. १९८० मध्ये उजनीच्या धरणात पाणी साठले, भीमेकाठची जुनी गावे बुडाली, माणसे उठून नव्या गावठाणांत गेली, लोहमार्गही सरकवावा लागला आणि डिकसळचा जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीस उरला. ज्यांची घरे गेली त्यांचे दुःख या लेखाच्या कक्षेत मावणारे नाही. पण जलाशयाच्या कडेने ऊस आणि केळी उभी राहिली, आणि पाण्याच्या शोधात फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या गरजा पार बदलल्या, एवढे पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावे.

ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने, सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने, भारतीय धूळ, उन्हाळा आणि अनियमित वीज सोसू शकेल असे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. त्यास वातानुकूलनाची गरज नव्हती, आणि पहिले असे एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. त्यानंतरच्या दहा वर्षांत पिवळ्या पाट्यांचे पीसीओ बाजारपेठांच्या गावी दिसू लागले. रात्री उशिरा दर चतुर्थांशावर येत, म्हणून मुंबई-पुण्यास नोकरीस गेलेल्या मुलांचे आईबाप जेवणे उरकून बूथसमोर बाकावर बसत आणि काचेमागील मीटरचे तांबडे आकडे पाहत बोलणे आटोपते घेत. ज्या खेड्यांपर्यंत तार ओढणे परवडत नसे, तेथे १९९० च्या दशकात सरकारने एका मध्यवर्ती केंद्राशी अनेक गावांना थोड्या सामाईक वाहिन्यांनी जोडणारे रेडिओ-दूरध्वनी दिले. ग्रामपंचायतीच्या छपरावर खांब, खांबावर अँटेना, खाली बॅटरी, अशी ती रचना होती. बॅटरी बसली की दूरध्वनीही बसे, सुटे भाग मिळत नसत आणि पुष्कळ संच मुके झाले. तरीही खेड्याच्या हद्दीत बोलण्यासाठी लहर प्रथम आली ती या संचांनी, मोबाईलने नव्हे. हा मान त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

भारतात मोबाईलचा औपचारिक आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला, जेव्हा ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. १९९४ च्या दूरसंचार धोरणानुसार देशाची विभागणी मंडळांत झाली. मुंबई वेगळी राहिली, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा यांचे एक मंडळ झाले, आणि त्याचे परवाने बीपीएल व बिर्ला-एटीअँडटी या दोन कंपन्यांनी घेतले. परवान्यात एक अट होती. पहिल्या वर्षात जिल्ह्याच्या ठिकाणांपैकी दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के ठिकाणी सेवा पोहोचवावी, एवढेच बंधन कंपन्यांवर होते. खेड्यांचे बंधन नव्हते. म्हणून मनोरे उभे राहिले ते शहरांत आणि हमरस्त्यांच्या कडेने, आणि जेऊरसारखी गावे १८५९ प्रमाणेच पुन्हा वाट पाहत राहिली. १८५९ मध्ये निदान मार्ग गावाच्या शिवारातून गेला होता.

आता या यंत्राची जोडणी कशी होते ते पाहू. मोबाईल चालू केला की तो प्रथम बोलत नाही, ऐकतो. प्रत्येक मनोरा आपले नाव, आपली हद्द आणि कोणत्या कंपनीचा तो आहे, हे अखंड प्रक्षेपित करीत असतो; यंत्र त्यातील सर्वांत स्पष्ट ऐकू येणारा आपल्या कंपनीचा मनोरा निवडते आणि मग आपली वर्दी देते. वर्दीत सिमकार्डावरील क्रमांक असतो. पण नुसत्या क्रमांकावर विसंबून चालत नाही, म्हणून कंपनीचे केंद्र एक यदृच्छेने निवडलेली संख्या पाठविते. सिमच्या पोटात एक गुप्त किल्ली असते, तिच्या साहाय्याने सिम त्या संख्येचे उत्तर काढून परत पाठविते, आणि तीच किल्ली जपून ठेवणाऱ्या केंद्राने काढलेल्या उत्तराशी ते जुळले तरच प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः हवेतून कधीच प्रवास करीत नाही. रेल्वेच्या यंत्रातून गोळा सुटण्यापूर्वी पलीकडची संमती लागे, तसाच हा व्यवहार; फरक एवढाच की तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरा होतो.

प्रवेश मिळाल्यावर केंद्राच्या दफ्तरी नोंद होते की अमुक क्रमांक सध्या अमुक इलाख्यात आहे. ही नोंदच मोबाईलचा प्राण आहे. पुण्याहून कोणी जेऊरच्या माणसास हाक मारली, तर केंद्र आधी मूळ नोंदवही पाहते, तीवरून पाहुण्याची नोंद असलेल्या इलाख्याची वही पाहते, मग त्या इलाख्यातील सर्व मनोऱ्यांवरून त्याच्या नावाचा पुकारा होतो, आणि त्याचे यंत्र उत्तर देते तेव्हा कुठे घंटी वाजते. सुरुवातीस प्रत्येक कंपनीस जाण्यासाठी ४.४ आणि येण्यासाठी ४.४ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा मिळाला होता. २०० किलोहर्ट्झची एक वाहिनी धरली तर अवघ्या बावीस वाहिन्या, आणि प्रत्येकीत कालाचे आठ विभाग. एवढ्याशा सामग्रीत लाखो माणसांचे बोलणे बसविण्याची युक्ती अशी की, मनोऱ्याची हद्द लहान ठेवावयाची आणि थोड्या अंतरावर तीच वाहिनी पुन्हा वापरावयाची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही कल्पना १९४७ मध्येच कागदावर मांडली गेली होती. मोकळ्या माळावर ९०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते, परंतु कालाच्या विभागांवर चालणाऱ्या या पद्धतीच्या गणनेनेच तिला सुमारे पस्तीस किलोमीटरांची मर्यादा घातली आहे.

पोफळजहून निघालेली गाडी जेऊर, भाळवणी, केम अशी धावते तेव्हा डब्यातील मोबाईल शेजारच्या मनोऱ्यांचे बळ सतत मोजून कळवीत असतो. मागचा क्षीण आणि पुढचा सबळ झाला की केंद्र बोलणे न तोडता पुढच्या मनोऱ्याकडे सोपविते. आणि मनोऱ्यापासून पुढे? तेथून संभाषण सूक्ष्मलहरींच्या दुव्याने किंवा काचेच्या तंतूने केंद्राकडे जाते. सप्टेंबर २०००मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या रेल्वेच्या कंपनीने देशभर लोहमार्गांच्या कडेनेच हे काचतंतू पुरले, आणि त्यांवरील क्षमता ती दूरसंचार कंपन्यांनाही भाड्याने देते. लोक समजतात की मोबाईलने तार संपविली. वस्तुतः लहरीच्या स्वाधीन केला आहे तो मुख्यतः मनोऱ्यापासून खिशापर्यंतचा तुकडा. बाकी बहुतेक भिस्त जमिनीतील तारेवरच आहे, आणि ती तार पुष्कळ ठिकाणी ओशॉनेसीच्या काळच्या खांबांच्या वाटेनेच जाते.

मोबाईल खेड्यात खऱ्या अर्थाने रुजला तो यंत्रामुळे नव्हे, हिशोबामुळे. आरंभी येणाऱ्या हाकेचेही पैसे द्यावे लागत, म्हणून घंटी वाजली की माणूस नंबर पाहून ती बंद करी. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली, त्याच डिसेंबरात रिलायन्सही आली, आणि १ मे २००३ पासून येणारी हाक विनामूल्य झाली. त्या दिवसापासून ‘मिस्ड कॉल’ हे आपल्या खेड्यांचे सांकेतिक भाषण बनले : एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे परत फोन कर. दुधाची गाडी, टोळीचा मुकादम, कॉलेजात गेलेली मुलगी, सगळ्यांचे निरोप या न उचललेल्या घंटीवर चालत. मनोऱ्यास यासाठी पुकारा करावा लागे, वाहिनी द्यावी लागे, पण बिल होत नसे.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी, मनोऱ्यावाचून, थेट बोलण्याची पद्धतही याच सुमारास आली. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन यांनी १९९४ पासून जिची घडण केली, त्या ब्लूटूथमध्ये दोन यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवर सेकंदास सोळाशे वेळा उडी मारीत बोलतात, आणि प्रत्येक जोडीच्या उड्यांचा क्रम निराळा असल्यामुळे शेजारच्यांची अडचण क्वचितच होते. हा पट्टा आणि त्यावरील वाय-फाय वापरण्यास परवान्याची आवश्यकता जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने काढून टाकली; १८८५ पासूनच्या मक्तेदारीत पडलेली ही एक मोठी फट होय, आणि तिचे महत्त्व अजून पुरते ओळखले गेलेले नाही. आपल्या पोरांनी तिचा पहिला उपयोग गाणी आणि जत्रेचे फोटो एका हँडसेटमधून दुसऱ्यात पाठविण्यासाठी केला, यात वाईट काहीच नव्हते.

पण या खोऱ्यात मोबाईलचा सर्वांत मोलाचा उपयोग माणसामाणसांतील बोलण्याचा नाही, असे माझे मत आहे. उजनीच्या फुगवट्यालगत वाशिंबे, केत्तूर, कंदर या बाजूस पाणी उचलणाऱ्या मोटारी जलाशयाच्या काठी असतात आणि शेते नळाच्या दुसऱ्या टोकाला, कधी काही किलोमीटरांवर. शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. वीज आली की मोटार सुरू करण्यासाठी काठावर जावे लागे. वाटेत साप, चिखल, उसाचा अंधार. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसांचे बळी घेतले तेव्हा ही रात्रीची वाट कशी वाटली असेल, याची कल्पना ज्याने ती तुडविली आहे त्यालाच यावी. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून मोटार सुरू करणारे ‘नॅनो गणेश’ हे साधन घडविले, आणि त्यासारखे मोबाईल स्टार्टर हळूहळू विहिरीविहिरीवर दिसू लागले.

स्टार्टरच्या लोखंडी पेटीशेजारी एक छोटी पेटी असते. तिच्यात सिमकार्ड, वर बोटभर अँटेना. शेतकरी घरातून तिच्या नंबरला फोन लावतो. पेटी नोंदलेलाच नंबर ओळखते, दुसऱ्याचा मानीत नाही. मग आकडा दाबला की आतील रिले स्टार्टरच्या कॉइलला वीज देतो, खटका ओढला जातो आणि मोटार धरते. तिन्ही फेज आहेत का, पाण्यावाचून मोटार कोरडी तर चालत नाही ना, हेही पेटी पाहते आणि उलट निरोप देते. एका यंत्राने दुसऱ्याला हाक दिली, ओळख पटली, आज्ञा झाली, पाणी चालले. दौंडच्या माळावर १९२७ मध्ये उतरलेल्या लहरीने जे केले नाही, ते या बोटभर अँटेनाने केले आहे.

या पेट्यांविषयी एक गोष्ट धोरण ठरविणाऱ्यांच्या कानी घालणे जरूर आहे. त्यांतील पुष्कळशा अजून जुन्या, दुसऱ्या पिढीच्या (२जी) जाळ्यावर चालतात. सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त चौथी पिढी आली, ऑक्टोबर २०२२ पासून पाचवी आली, आणि जुने जाळे बंद करून तो लहरपट्टा नव्यास द्यावा अशी मागणी उद्योगातून वारंवार होते. पट्टा मर्यादित आहे, तेव्हा मागणीत तथ्य नाही असे नाही. आणि चौथ्या पिढीवर चालणारे स्टार्टर आता मिळूही लागले आहेत. परंतु जाळे बंद झाले त्या दिवशी जुनी पेटी मुकी होईल, आणि वाशिंब्याचा शेतकरी पुन्हा रात्री बॅटरी घेऊन काठाकडे निघेल. १८५९ ची आखणी, १९२७ चा दुवा आणि १९९५ चे परवाने, या तिन्हींच्या वेळी खेड्याचा विचार मागाहून झाला. या वेळी तो आधी व्हावा : शेतातील जुन्या यंत्रांची गणती करून, ती बदलून देण्याची तजवीज करून, मगच दूरसंचार खात्याने दुसऱ्या पिढीचे जाळे उतरविण्यास परवानगी द्यावी.